जुना पोर्टेबल संगणक : दुरुस्तीची सुरुवात बॅटरीपासून

टँडी कंपनीचा 'टीआरएस-८० मॉडेल १००' हा संगणक १९८३ मध्ये अमेरिकेतील रेडिओ शॅक दुकानांत विक्रीस आला. जपानच्या क्योसेराने बनविलेला, वहीच्या आकाराचा हा संगणक चार पेन्सिल सेलवर सुमारे २० तास चालत असे. आठ ओळींचा पडदा, उत्तम कळफलक आणि अंतर्गत मोडेम यांमुळे तो वार्ताहरांत विशेष लोकप्रिय झाला. बातमी लिहून ती दूरध्वनीवरून थेट कार्यालयात धाडता येई.

यात डिस्क नाही. मजकूर मेमरीतच राहतो आणि सेल बदलताना तो टिकावा, म्हणून मुख्य बोर्डावर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी डाखलेली असते. कालांतराने तीच पाझरते आणि तिच्यातील अल्कली बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते.

संगणक सुरू होत नसल्यास प्रथम तळाचे 'मेमरी पॉवर' बटन चालू आहे का, ते पाहावे. पडदा कोरा असल्यास कॉन्ट्रास्टची चकती फिरवावी. अडॅप्टर ६ व्होल्टचा आणि मध्यभागी ऋण ध्रुव असलेलाच हवा. उलट ध्रुवाचा जोडल्यास धोका संभवतो. संगणक सुरू झाला, तर जुना मजकूर सिरियल पोर्टमधून आधी उतरवून घ्यावा. कंट्रोल व ब्रेक या कळा दाबून रिसेट केल्यास मेमरी पुसली जाते; म्हणून हा उपाय शेवटचा.

त्यानंतरच तळाचे चार स्क्रू काढावेत. पाझरलेली बॅटरी काढून डागांवर पांढरे व्हिनेगर लावावे. ते आम्ल असल्याने अल्कली निष्प्रभ होते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसून पूर्ण वाळवावा. तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडता येतात. मल्टीमीटरवर अधिक ५ आणि उणे ५ असे दोन्ही व्होल्टेज मिळायला हवेत. ते नसल्यास वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासून, ध्रुव जुळवून बदलावेत. नवी बॅटरीही चार्ज होणारीच असावी, कारण यंत्र तिला सतत चार्ज करते.

व्यवस्थित चालणाऱ्या संगणकातही मूळ बॅटरी राहू देऊ नये. ती पाझरल्याचे बाहेरून कळत नाही. कळते तेव्हा बोर्ड गेलेला असतो.