स्फटिकाच्या पोटांतील हालचाल

स्फटिक म्हटला कीं तो स्थिरतेची साक्षात् मूर्ति, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पेरोव्स्काइट नांवाच्या स्फटिककुलाचा इतिहास मात्र ही समजूत पार पालटून टाकतो.

या कुलाचें मूळ रशियांत आहे. उरल पर्वतांत सांपडलेल्या, कॅल्शियम, टायटेनियम व प्राणवायु यांच्या बनलेल्या एका खनिजाचें वर्णन गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञानें १८३९ सालीं केलें आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन सरदाराचें नांव त्यास दिलें. पुढें तशाच घडणीचे अनेक पदार्थ आढळले. या घडणींत कांहीं अणु मिळून एक पिंजरा उभारतात व त्याच्या पोकळींत निराळाच एक पाहुणा राहतो. पाहुणा लहान असला तर पिंजरा वांकतो. फार मोठा असला तर ही घडणच टिकत नाहीं. आकारांचें हें गणित व्हिक्टर गोल्डश्मिट यानें १९२६ सालीं मांडलें.

१९७८ सालीं स्टुटगार्ट येथें डीटर वेबर यानें शिसें व आयोडीन यांच्या पिंजऱ्यांत मेथिलअमोनियम हा सेंद्रिय घटक बसविला. निरिंद्रिय घरांत सेंद्रिय बिऱ्हाड! म्हणून या स्फटिकास संकरज म्हणतात. परंतु हें बिऱ्हाड स्वस्थ बसणारें नव्हतें. १९८७ सालीं पोग्लिच व वेबर यांनीं दाखवून दिलें कीं, नेहमींच्या उष्णमानांत हा पाहुणा जागच्या जागीं सारखी दिशा बदलीत असतो. सेकंदाचे दहा लक्ष भाग करावे, त्यांतील एकाचे पुनः दहा लक्ष भाग करावे. अशा मोजक्या भागांत त्याचें तोंड फिरतें.

उष्णमानाबरोबर घराचा आकारहि बदलतो. सुमारें ५४ अंश सेंटिग्रेडच्या वर पिंजऱ्याच्या तिन्ही बाजू समान असतात. त्याखालीं एक बाजू निराळी होते. आणि शून्याखालीं सुमारें १११ अंशांस तिन्ही असमान होऊन पाहुण्याची दिशा जखडली जाते.

पुढें बावीस वर्षें हा विषय बहुतांशीं पंडितांपुरताच राहिला. २००९ सालीं जपानांत त्सुतोमु मियासाका व त्यांचे सहकारी यांनीं या स्फटिकाकडून सूर्यप्रकाशाची वीज करविली. प्रकाशांतील शक्तीचा शेंकडा ३.८ इतकाच भाग तेव्हां हातीं आला. आज प्रयोगशाळेंत तो शेंकडा २५ हून अधिक येतो.

खरी परीक्षा आहे ती टिकाऊपणाची. तापलेल्या छपरावर ५४ अंशांची सीमा सहज ओलांडली जाते; शिवाय उष्णतेनें व दमट हवेनें मेथिलअमोनियम पिंजरा सोडून जातें. त्याच्या जागीं अधिक मोठें फॉर्मॅमिडिनियम बसवावें, तर प्रकाश शोषणारा काळा स्फटिक साध्या उष्णमानांतच हळूहळू पिवळा व या कामास निरुपयोगी होतो. त्यांत सीझियमचे लहान अणु योग्य प्रमाणांत मिसळले म्हणजे काळें रूप टिकूं लागतें. पाहुणा घरास बेताचा असावा, हें १९२६ सालचें गणितच येथें उपयोगी पडलें. केवळ जिज्ञासेनें केलेल्या अभ्यासावर आतां उद्यांच्या विजेची भिस्त आहे.