संपादकाची लेखणी आणि मराठीचा अनुस्वार

मागच्या वेळी आपण हस्तलिखितांबद्दल बोललो. आज छापील मजकुराकडे येऊ. आपला प्रश्न साधा आहे : संपादकाने व्याकरण आणि शुद्धलेखन सुधारलं, तर ते नेहमी मान्यच करायचं का?

हे काम मराठीत जुनं आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते, ते त्यांनी नीट केले आणि यात नव्या ओव्या घालू नका, असंही बजावलं. म्हणजे ‘शुद्ध करणं’ याचा अर्थ मूळ पाठाकडे परत जाणं. पुढे हा अर्थ बदलला. शुद्ध म्हणजे नियमाप्रमाणे, असं आपण समजू लागलो.

हे नियम आले कधी? मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली चौदा नियम केले, 1972 साली त्यांत चार वाढले. सरकारने ते स्वीकारले आणि शाळेत, छापखान्यात तेच चालू झाले. त्यातला सर्वांत मोठा बदल अनुस्वाराचा. उच्चारात ऐकू येत नाहीत म्हणून ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’ यांवरचे अनुस्वार गेले. कोकणातल्या काही बोलींत तो नासिक्य उच्चार आजही ऐकू येतो, ही गोष्ट वेगळी.

आता गंमत पाहा. जुन्या लेखनात ‘तें आलें’ म्हणजे एक मूल आलं, आणि ‘ते आले’ म्हणजे पुष्कळ पुरुष आले. नव्या लेखनात दोन्ही ‘ते आले’. इथं टिंबाबरोबर लिंग आणि वचन दोन्ही धूसर झाली. उलटही होतं. जुन्या लेखनात ‘गांवांत’ हे एका गावाबद्दलही असे, अनेक गावांबद्दलही. आजच्या संपादकाला निवडावंच लागतं : ‘गावात’ की ‘गावांत’? म्हणजे तो नुसतं लेखन बदलत नाही, अर्थ ठरवतो. एखाद्या अर्जात दुष्काळ एका गावात होता की दहा गावांत, हे त्या टिंबावर ठरणार असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा.

नियम करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य मुळाप्रमाणेच छापावं, असा नियम त्यांनीच केला. त्यानंतरचं मात्र नव्या नियमांनी.

पण ही रेघ कुठून जाते, ते बघू या. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ 1873 ची. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली 1874 मध्ये. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा. एकाच लेखकाचं एक पुस्तक रेघेच्या अलीकडे, दुसरं पलीकडे! आणि रेघेला नाव कोणाचं? ज्यांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली, त्यांचंच. फुले बोलीच्या वळणाने लिहीत होते, ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्या कानाला ओळखीचं वाटेल असं. ते वळण सरसकट ‘दुरुस्त’ केलं, तर त्या काळी कोण कसं बोलत होतं याचा पुरावाच आपण पुसतो.

म्हणून नियम नकोत का? तसं नाही. पाठ्यपुस्तकाला, वर्तमानपत्राला एकच लेखनपद्धती लागते; नाहीतर शिकणाऱ्या मुलाचे हाल. पण दुरुस्ती हाती आली की आपण तीन गोष्टी विचारू : ही छापखान्याची चूक आहे की लेखकाची रीत? बदलल्याने अर्थ सरकतो का? आणि मूळ रूप कुठं नोंदवून ठेवलंय का? या तिन्हींची उत्तरं देता येणारा संपादक लेखकाचा मित्रच. त्यांची उत्तरं न देता नुसतं ‘नियम आहे’ म्हणणाऱ्याला, नियमांतच मुळाप्रमाणे छापण्याचा नियमही आहे, हे नम्रपणे दाखवून द्यावं.

पुढच्या व्याख्यानात मोडीकडे वळू. तिथं तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळत नसत.