डिस्क मिळते, बोर्ड मिळत नाही

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ मांडलं : एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरा, एक गेली, तर दुसरी आणून बसवा. घरच्या नॅसचा पाया हाच.

डिस्कचं माप, जोडणी सगळीकडे सारखी. नॅसचा मदरबोर्ड मात्र त्या-त्या मॉडेलपुरता. २०१७मध्ये इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० चिपमधला दोष उघड झाला. क्लॉक सिग्नल गेला, की त्या चिपवरचा नॅस सुरूच होत नसे. डिस्क आणि त्यांवरचे घरचे फोटो धडधाकट. पण बोर्ड सुटा आणायचा कुठून? हौशी लोकांनी साधारण १०० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करून असे नॅस पुन्हा चालू केले. रेझिस्टर सहज मिळाला, कारण तो कुणा एका कंपनीचा नव्हता.