निळूभाऊंचा पाटील

आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, गावच्या वाचनालयात आणि जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात. तेव्हा नटाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार प्रेक्षकाचा, त्याहून अधिक नाही. तरीही निळू फुले यांच्याविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने दोन शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते.

नीलकंठ कृष्णाजी फुले हे पुण्याचे. तरुणपणी ते तेथल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. स्वतःची रोपवाटिका काढावी ही त्यांची इच्छा भांडवलाअभावी राहून गेली. महिन्याच्या ८० रुपयांतले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत, असे सांगतात. वर्गण्या गोळा करण्यात आमचा जन्म गेला. पगाराचा आठवा हिस्सा आपण होऊन देणारा सभासद आम्हांस अजून भेटायचा आहे!

सेवा दलाच्या संस्कारात आणि लोकनाट्याच्या फडावर हा नट तयार झाला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने त्यांचे नाव झाले आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णा होऊन ते पडद्यावर आले. पुढे गावोगावच्या तंबूत त्यांचा पाटील आला की बायामाणसे बोटे मोडीत. आमच्याच रांगेतल्या एका आजीने ‘मुडदा बशिवला याचा!’ म्हणून पडद्याकडे मूठभर माती भिरकावलेली आम्ही पाहिली आहे.

परंतु त्यांचा खरा पाटील आम्हांस भेटला तो ‘सामना’त. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन; १९७५ साली हा चित्रपट जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवातही गेला. आम्ही तो पुष्कळ वर्षांनी शेजाऱ्याच्या दूरदर्शन-संचावर, दारात उभे राहून पाहिला. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. मास्तर एका नाहीशा झालेल्या गरीब माणसाचा पत्ता विचारीत राहतो. हिंदुराव त्याच्यावर धावून जात नाही. त्याला घरात ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. निळूभाऊंचा आवाज मऊ, डोळे अर्धवट मिटलेले. आणि तरी आपल्याला घाम फुटतो.

पुढे सरकीच्या मोसमात एका जिनिंगमध्ये आम्ही मजुरीचा प्रश्न घेऊन गेलो. मालक ओरडेल अशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली. बाहेर आलो तेव्हा हातात काहीच नव्हते, आणि वर आभार मानून आलो होतो! रात्री हिंदुराव आठवला. दुसऱ्या खेपेस आम्ही चहा नाकारला, उभ्यानेच बोललो आणि आकडा कागदावर मागितला. सगळे मिळाले नाही, काही मिळाले.

१९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ नाटकावर वादळ उठले, प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा सखाराम तेच होते. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये मात्र ते पत्रकार दिगू टिपणीस झाले, सत्तेचा बाजार उघड्या डोळ्यांनी पाहणारा माणूस. त्यात डिकास्टा नावाचा कामगार पुढारीही आहे. तो पाहताना आम्ही खुर्चीत जरा चुळबुळलो, हे कबूल करतो.

पडद्यावर लोकांना छळणारा हा माणूस पडद्याबाहेर लोकांचाच राहिला. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंसह त्यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. त्यातून उभ्या राहिलेल्या पैशातून चळवळीतल्या कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. पूर्ण वेळ काम करणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटते, हा प्रश्न विचारणारे नट किती असतील?

२००६ साली केंद्राने विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वाशीम होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा निळूभाऊंच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. १३ जुलै २००९ रोजी ते पुण्यात गेले.

त्या आठवड्यात आमच्या कचेरीत वर्गणी भरायला एक जुनी मजूरबाई आली होती. टेबलावर वर्तमानपत्र होते, त्यातला फोटो तिने ओळखला. ‘पाटील गेला म्हन्ता?’ एवढेच बोलली, आणि पदराने डोळे पुसून पावतीसाठी हात पुढे केला.