रविवार कोणाचा?

आपण कधी रविवारी घाटकोपर-मुलुंडकडे आलात, तर बाजार भरलेला दिसेल. दुकाने उघडी असावीत की नाहीत, हा वाद जुना आहे. पूर्वी मुंबईच्या गिरणीकामगाराला आठवड्याची ठरलेली सुटीच नव्हती. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सभा भरवून ती मागितली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. रविवारच का? साहेबाच्या देवळासाठी नव्हे, तो आपल्या खंडोबाचा वार! २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगार जमले, बायाही बोलल्या. १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला. सहा वर्षे लागली हो!

पुढे २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दुकान वर्षभर उघडे ठेवण्यास मुभा दिली. मात्र नोकराला आठवड्यातून एक दिवस सुटी द्यायचीच. दुकान उघडे, माणूस मोकळा. हे मला पटते. पण दहांपेक्षा कमी माणसांची दुकाने त्या कायद्याने वगळली. किराणा दुकानातल्या एकट्या पोऱ्याने, मास्तर, सुटी मागावी कोणाकडे?