दख्खनमधील द्राक्षवेलीची दुहेरी छाटणी : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

इचलकरंजीचा इतिहास सांगताना १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी सुरू केलेल्या पहिल्या यंत्रमागाचा उल्लेख आवर्जून केला जातो. यंत्राची नोंद होते; ते चालविणाऱ्या हातांच्या कौशल्याची नोंद मात्र क्वचितच होते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागांबाबतही हेच घडले आहे. वाण, सहकारी संस्था आणि निर्यात यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु हे सारे ज्या कृतीवर उभे आहे, त्या छाटणीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. या छाटणीचे स्वरूप कसे बदलत गेले आणि त्या बदलातून कोणते प्रश्न उभे राहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन छाटण्यांचे कारण

द्राक्ष ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील वेल होय. युरोपात हिवाळ्यात तिची पाने गळतात, ती विश्रांती घेते आणि त्या काळात तिची वर्षातून एकदा छाटणी होते. दख्खनमध्ये असा हिवाळा नाही. येथे वेल बारमाही हिरवी राहते आणि छाटली नाही तर केवळ पाला वाढवीत जाते. जी विश्रांती तेथे थंडी देते, तिची उणीव येथे कात्रीने भरून काढावी लागते.

एप्रिलमधील छाटणीस 'खरड छाटणी' म्हणतात. तीत ओलांड्यावरील काड्या एखाद-दुसरा डोळा राखून कापल्या जातात. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काडीत, उन्हाळ्याच्या स्वच्छ प्रकाशात, पुढील हंगामाच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होते. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीस बोलीत 'गोडी छाटणी' म्हणतात. तीत काडी ठरावीक डोळ्यांवर कापून फूट घेतली जाते आणि साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो. म्हणजे ऑक्टोबरात दिसणारा घड प्रत्यक्षात मे-जूनमध्येच ठरलेला असतो. खरड छाटणी लांबली आणि आभाळ लवकर भरून आले, तर ऑक्टोबरात कितीही कुशलतेने काडी कापली तरी घड कमीच येतात.

आंबट पिकाचा त्याग

'गोडी' या शब्दात एका जुन्या व्यवस्थेची खूण आहे. एकोणिसाव्या शतकात नाशिक परिसरात भोकरी, फकडी यांसारखे वाण होते आणि वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवीत. त्या काळी वेलीस दोन बहार येत. उन्हाळी छाटणीचे फळ पावसाळ्यात येई व ते आंबट राही. पावसाळ्यानंतरच्या छाटणीचे फळ उन्हाळ्याच्या तोंडावर येई व ते गोड असे. पुढे पावसाळी पीक सोडून देण्यात आले. मात्र त्यासाठीची छाटणी टिकून राहिली. पूर्वी फळासाठी होणारी ही छाटणी आता काडी तयार करण्यासाठी होऊ लागली. दक्षिण कर्नाटक व तमिळनाडूतील काही वाणांवर आजही वर्षातून दोन पिके घेतली जातात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

नवे वाण, नवी कात्री

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉम्पसन सीडलेस हा बिनबियांचा वाण महाराष्ट्रात पसरला. त्यातूनच तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' हा वाण निवडला. या वाणांत घड देणारे डोळे काडीच्या बुडाशी नसून वरच्या भागात असतात. त्यामुळे काडी कोठे कापावी, हा प्रश्न अधिक नाजूक झाला. कोवळ्या काडीचा शेंडा सातव्या पानाच्या सुमारास खुडून 'सबकेन' काढण्याची आणि पुढे तिच्या गाठीजवळ काडी कापण्याची पद्धत रूढ झाली.

वाढ आवरण्याच्या कामी शेंडा खुडण्याच्या जोडीला क्लोरमेक्वाट हे रसायनही आले. २०१० साली याच रसायनाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला. १९९१ साली स्थापन झालेल्या महाग्रेप्समुळे आणि १९९७ साली मांजरी येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रामुळे निर्यातीस व शास्त्रीय ज्ञानास बळ मिळाले, हे निर्विवाद आहे. तथापि प्रत्येक काडी हातात घेऊन तिची जाडी, पक्वता व डोळा पाहण्याचे काम कोणतीही संस्था करीत नाही. ते छाटणारा मजूरच करतो.

तारखेची जोखीम

छाटणीची तारीख हा बागायतदाराचा वर्षातील सर्वांत मोठा निर्णय असतो. लवकर छाटल्यास बाजारभाव बरा मिळतो. म्हणून नाशिक जिल्ह्यातील सटाणा भागात पावसाळ्यातच फळछाटणी होते. परंतु कोवळी फूट पावसात सापडली, तर डाऊनी रोग पडतो आणि घड कुजतात किंवा गळतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील लांबलेल्या पावसाने नाशिक व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील बागांची हानी केली. ज्या निर्णयासाठी पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या परतीचा आधार घेतला जाई, तो आधारच आता डळमळीत झाला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, दुहेरी छाटणी ही परक्या वेलीस दख्खनच्या ऋतुचक्रात बसविणारी, प्रदीर्घ अनुभवातून घडलेली रीत आहे. पीक बदलले, वाण बदलले, आधाराच्या पांगाऱ्याची जागा लोखंडी मांडवाने घेतली. दोन छाटण्या मात्र अर्थ बदलून टिकल्या. आज नाशिकच्या बागांत पेठ, सुरगाण्याकडील मजुरांच्या टोळ्या एकरी दर ठरवून हे काम करतात. वाणास त्याच्या निवडकर्त्याची ओळख मिळाली. छाटणाऱ्याचे नाव मात्र कोठेही राहिले नाही. पाऊस बेभरवशाचा होत असताना हेच अनुभवज्ञान अधिक मोलाचे ठरणार आहे. म्हणून जुन्या छाटणी कामगारांच्या मौखिक कथनांचे संकलन हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी विनाविलंब हाती घ्यावयाचे काम आहे. आपल्या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना ते सहज करता येण्याजोगे आहे.