बिनपाण्याची हजामत

'बिनपाण्याने हजामत करणे' हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना आजवर मला कधी अडचण आली नाही. एखाद्याला पुरते सोलून काढणे, हा त्याचा अर्थ विद्यार्थ्यांना न सांगताही कळतो. कोरड्या गालावर वस्तरा फिरल्यावर काय होईल, हे समजायला व्याकरण लागत नाही. गेल्या दोन वर्षांपासून मात्र हा वाक्प्रचार आला की मी किंचित अडखळतो. कारण दर रविवारी आणि बुधवारी सकाळी मी कुरुंद्याच्या घरी माझ्या वडिलांची बिनपाण्याचीच हजामत करत असतो. कंपवातामुळे अण्णांच्या हातात रेझर ठरत नाही, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांमुळे ब्लेडची लहानशी जखमही लवकर थांबत नाही. डॉक्टरांनी विजेचे यंत्र सुचवले. ते वापरता वापरता या कृतीमागचा इतिहास मनात घोळू लागला. त्यातून हे लेखन.

कुरुंदा हे वसमत तालुक्यातले गाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हिंगोली हा त्याचा जिल्हा. मराठीच्या अभ्यासकाला ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे ठाऊक असते. पण 'कुरुंद' हा शब्द स्वतंत्रपणेही मराठीत आहे. धार लावण्यासाठी वापरतात त्या अतिकठीण दगडाला कुरुंद म्हणतात. माणिक आणि नीलम ही त्याच खनिजाची रंगीत रूपे, आणि कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल त्याचा क्रम. गावाच्या नावाशी या दगडाचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारू नये, एवढे तरी गुरुजींच्या लेखनाने आम्हाला शिकवले आहे. (त्यांच्या 'धार आणि काठ' या ग्रंथातली धारही, शेजारी काठ असल्याने, पाण्याचीच समजावी लागते.)

'हजामत' हा शब्द अरबीतून आलेला. मूळ 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून दूषित रक्त काढणे. केस कापणारा आणि रक्त काढणारा एकच असे, म्हणून एका कामाचे नाव दुसऱ्याला मिळाले. संस्कृत वळणाची 'श्मश्रू' पंचांगात आणि विधींत राहिली, आणि बोलण्यात उरले 'दाढी करणे'. ही आपल्या भाषेची एक गंमतच म्हणायची. पोळी करणे म्हणजे पोळी अस्तित्वात आणणे. दाढी करणे म्हणजे ती नाहीशी करणे.

मराठवाड्यात नाभिकाला 'वारीक' म्हणत. त्याच्या धोकटीत वस्तरा, कैची, नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी आणि तुरटीचा खडा एवढे असे. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळे. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगांत हीच धोकटी उघडली आणि तिच्यातल्या आरशाला व चिमट्याला विवेक-वैराग्याचा अर्थ दिला. व्यवसायाच्या हत्यारांतून परमार्थ सांगण्याची ही रीत वारकरी परंपरेत सर्वत्र दिसते. पण सेना महाराजांच्या हत्याराला धार होती, आणि ते दुसऱ्याच्या गळ्याशी न्यावे लागे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हाती निर्धास्तपणे मान द्यायची, त्याचा स्पर्श झाला म्हणून लगेच स्नान करायचे, असा तो व्यवहार होता.

आणि तो सर्वांसाठी नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांत साताऱ्याच्या बालपणाची आठवण आहे. साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती, घरी पैशांचीही अडचण नव्हती. तरी अस्पृश्यांच्या मुलांचे केस कापायला कोणी तयार होत नसे. म्हणून थोरली बहीण भावंडांचे केस कापी आणि सरावाने त्यात तरबेज झाली होती. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात 'दुकान' या शब्दाच्या व्याख्येत केशकर्तनालयाचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, यावरून हा नकार किती खोल गेला होता हे कळते.

नकाराची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या पाठ्यक्रमांत फारशी येत नाही. ब्राह्मण विधवांच्या केशवपनाविषयी आगरकरांचे लेखन आपण शिकवतो, हरिभाऊंच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मधली यमू शिकवतो. पण वपनासाठी वस्तरा धरणारा हात कोणाचा होता? १८९० मध्ये मुंबईत 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन यापुढे करायचे नाही, असा निर्धार त्यांनी केला. सुधारकांनी लेख लिहिले. या माणसांनी धोकटी मिटली, आणि त्यासाठी मिळकतीवर पाणी सोडायची तयारी दाखवली. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील स्त्रीप्रश्नाच्या इतिहासात या सभेला अधिक जागा मिळायला हवी.

पुढचा इतिहास हाताकडून यंत्राकडे जातो. जिलेटचा सेफ्टी रेझर १९०३ मध्ये विक्रीस आला, आणि माणूस आपली दाढी आपण करू लागला. अमेरिकी सैन्यातील जेकब शिक याला अलास्काच्या थंडीत पाणी-साबणाविना दाढी करण्याची कल्पना सुचली. १९३० मध्ये त्याला यंत्राचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते बाजारात आले. १९३९ मध्ये फिलिप्ससाठी अलेक्झांडर होरोविट्झ यांनी गोल फिरणाऱ्या पात्याचे यंत्र तयार केले. १९५० मध्ये ब्राऊनने पातळ जाळीचे आणले. आमच्या गावी ते फार उशिरा पोचले. भारनियमनाच्या वर्षांत वीज येण्याची वेळ पाहून कोण दाढी करणार!

यंत्राचे तत्त्व कैचीचे आहे. जाळीच्या छिद्रातून केस आत शिरतो आणि आतले पाते तो जाळीच्या कडेशी कापते. कातडीला पाते लागत नाही. म्हणूनच त्याची रीत वस्तऱ्याहून वेगळी. वस्तऱ्याला ओला, मऊ झालेला केस हवा. या यंत्राला चेहरा ठणठणीत कोरडा हवा. मी अण्णांच्या गालाला आधी थोडी पावडर लावतो, म्हणजे घाम शोषला जातो. तीन-चार दिवसांहून अधिक वाढलेला केस छिद्रात शिरत नाही, तो आडवा पडतो. म्हणून रविवार आणि बुधवार. प्रारंभ गळ्यापासून करावा, कारण चालून चालून यंत्र तापते आणि गळ्याची कातडी नाजूक. डाव्या हाताने कातडी ताणायची आणि केस वाढतो त्याच्या उलट दिशेने जाळी सरळ न्यायची. गोल पात्यांचे यंत्र असेल तर लहान वर्तुळे काढायची. दाबू नये. दाबल्याने दाढी गुळगुळीत होत नाही, आग मात्र होते. पहिले दोन-तीन आठवडे गाल लाल होत; पुढे कातडी सरावली. जाळीला लहानसाही चरा पडला की ती बदलावी, तिथे चिकटपणा करू नये.

आमच्या घरी येणाऱ्या वारीकमामांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या मुलाचे वसमतला सलून आहे; तिथे दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लागते. ते अण्णांना अजून विचारतात, येऊ का म्हणून. अण्णा नको म्हणतात. मामांपुढे मान द्यायला त्यांना कधी संकोच वाटला नव्हता; पोटच्या मुलापुढे मान वर करून बसायला मात्र पहिले काही दिवस ते नाखूश होते. डोळे मिटून घेत. आता मिटत नाहीत.

डाव्या जबड्याखाली केसांना भोवरा आहे. तिथे चार दिशांनी यंत्र न्यावे लागते. केस कापला जात असताना जाळीतून बारीक चरचर येते. ती थांबली की त्या जागेचे काम झाले असे समजावे. अण्णांना ऐकू कमी येते, म्हणून ती मलाच कान देऊन ऐकावी लागते.